समजलेले गणित पुन्हा समजेनासे होते तेव्हा

पत्राचा आशय: जिल्ह्याच्या गावातील महाविद्यालयातून गणित घेऊन बी.एस्सी. झालेली एक वाचक सध्या विद्यापीठात एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. बारावीपर्यंतचे तिचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले. पदवीला तिला उत्तम गुण होते आणि विकलन-संकलनाची उदाहरणे ती मैत्रिणींना समजावून देत असे. आता रिअल ॲनालिसिसमध्ये सीमेच्या (लिमिटच्या) एप्सिलॉन-डेल्टा व्याख्येपाशी ती अडली आहे. सिद्धता पाठ करून लिहिता येतात, पण एक पायरी बदलली की हात थांबतो. ती लिहिते, ‘जे येत होते तेही आता येईनासे झाले आहे.’ वर्गात बाकी सगळे माना डोलावतात, त्यामुळे शंका विचारायचा धीर होत नाही. घरात पदवीपर्यंत पोहोचलेली ती पहिलीच आहे आणि घरच्यांना नेमके काय अडले आहे हे सांगता येत नाही. तिचा प्रश्न असा : आपली बुद्धी इथपर्यंतच होती असे मानून एम.एस्सी. सोडावे व बी.एड.ला जावे, की पाठांतराच्या बळावर कसेबसे हे शिक्षण पूर्ण करावे?

सप्रेम नमस्कार.

जे येत होते तेही येईनासे झाले आहे, हे वाक्य तुम्ही स्वतःच्या कमकुवतपणाचा पुरावा म्हणून लिहिले आहे, आणि मला नेमके तेच तुमच्या पत्रातील सर्वांत आश्वासक वाक्य वाटते. जो नुसते पाठांतर करतो त्याच्या बाबतीत असे घडत नाही. त्याची जुनी समजूत होती तिथेच राहते आणि नवी व्याख्या तिला धक्का न लावता शेजारी येऊन बसते. परीक्षा झाली की निघूनही जाते. तुमच्या जुन्या समजुतीला नव्या व्याख्येने हात घातला आहे, याचा अर्थ तुम्ही ती व्याख्या मनावर घेतली आहे. केवळ धीर देण्यासाठी मी हे लिहीत नाही. उच्च शिक्षण घेताना माणसाच्या मनात काय घडते याचा ज्यांनी अभ्यास केला, त्यांनी या अवस्थेचे वर्णन बऱ्याच बारकाईने करून ठेवले आहे.

यान मेयर आणि रे लँड या दोन अभ्यासकांनी २००३ मध्ये, ब्रिटनमधील पदवी शिक्षणावरच्या एका प्रकल्पाच्या निमित्ताने, ‘उंबरठा संकल्पना’ ही कल्पना मांडली. त्यांचे म्हणणे असे की प्रत्येक विद्याशाखेत काही मोजक्या संकल्पना अशा असतात की त्या कळल्यावर त्या विषयाकडे पाहण्याची दृष्टीच बदलते. ती पूर्ववत होणे फार अवघड असते. आधी सुटी सुटी वाटणारी माहिती त्यांच्यामुळे एकमेकांशी जोडली जाते. आणि नेमक्या याच संकल्पना शिकणाऱ्याला सर्वाधिक त्रास देतात. त्यांनी दिलेल्या सुरुवातीच्या उदाहरणांत अर्थशास्त्रातील संधी-खर्च (एक गोष्ट निवडताना सोडाव्या लागलेल्या सर्वांत चांगल्या पर्यायाचे मोल) आहे आणि गणितातील, लक्षात घ्या, सीमा आहे. म्हणजे तुम्ही जिथे अडला आहात ती जागा या सिद्धान्ताने पहिल्याच लेखात खूण करून ठेवलेली जागा आहे. पुढे २००५ मध्ये त्यांनी या उंबरठ्यावर रेंगाळण्याच्या काळाबद्दल लिहिले. जुनी समजूत निरुपयोगी झालेली आहे आणि नवी अजून हाती आलेली नाही, अशा मधल्या काळात माणूस पुढे-मागे हेलकावे खातो, स्वतःबद्दल साशंक होतो आणि पुष्कळदा समजल्याचा आव आणतो, असे त्यांचे निरीक्षण आहे.

आता सीमेच्या बाबतीत नेमके काय बदलावे लागते ते पाहू, कारण अडचणीला नाव मिळाले म्हणून ती सुटत नाही. बारावीत आणि बहुतेक ठिकाणी बी.एस्सी.लाही सीमा म्हणजे काढायची गोष्ट असते : अवयव पाडा, छेदातला शून्य घालवा, किंमत भरा, उत्तर आले. मनात चित्र असते ते एका बिंदूकडे सरकत जाणाऱ्या क्षचे, जो जवळ जवळ जातो पण पोहोचत नाही. डेव्हिड टॉल आणि श्लोमो विनर यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले की विद्यार्थी विचार करतात तो या मनातल्या प्रतिमेने, पुस्तकातल्या व्याख्येने नव्हे, आणि या दोहोंत विसंगती असली तरी पुष्कळ काळ ती त्यांच्या ध्यानातही येत नाही. तुमच्यापुरती याची परीक्षा सोपी आहे. ज्याची किंमत सर्वत्र ५ आहे अशा स्थिर फलनाची सीमा किती? उत्तर ५, हे तुम्ही क्षणात सांगाल; पण मग ‘जवळ जाते पण पोहोचत नाही’ या चित्राचे काय करायचे, कारण हे फलन तर पहिल्यापासून पोहोचलेलेच आहे? व्याख्येला याची अडचण मुळीच येत नाही. तिच्यात काहीही सरकत नाही. किती चूक चालेल याची कितीही लहान मर्यादा समोरच्याने घालून द्यावी आणि आपण तिला पुरेल असे अंतर निवडून दाखवावे, एवढेच तिच्यात आहे. ही मर्यादा म्हणजे एप्सिलॉन आणि हे अंतर म्हणजे डेल्टा.

पण याहून मोठा बदल वेगळाच आहे, आणि त्याबद्दल वर्गात क्वचितच बोलले जाते. आजवर उत्तर बरोबर की चूक हे पुस्तकाच्या शेवटचे पान किंवा शिक्षक सांगत असत. आता ते सिद्धता सांगणार आहे आणि सिद्धता योग्य आहे की नाही हे तुम्हालाच ठरवायचे आहे. तुम्ही ज्या गणितावर प्रेम केलेत ते हे नव्हे, असे तुम्ही लिहिता, आणि ते खरे आहे. उदाहरण पाहताच उत्तर सुचणारी मुलगी ही तुमची स्वतःविषयीची ओळख होती आणि या विषयात ती ओळख पुरेशी ठरत नाही. अमेरिकेत जॅक मेझिरो यांनी १९७० च्या दशकात, मोठ्या खंडानंतर पुन्हा महाविद्यालयात आलेल्या स्त्रियांच्या शिक्षणाचा अभ्यास केला आणि १९७८ मध्ये परिवर्तन घडवणाऱ्या अध्ययनाचा विचार मांडला. आपण जग ज्या गृहीतांतून पाहतो ती गृहीतेच अपुरी पडतात असा एखादा गोंधळात टाकणारा पेच उभा राहतो, अपराधी किंवा लाजिरवाणे वाटते, आणि मग त्या गृहीतांची तपासणी सुरू होते, हा त्यांच्या मांडणीतील क्रम आहे. तुमच्या पत्रात पेच आहे आणि लाजही आहे. गृहीतांची तपासणी तेवढी सुरू व्हायची आहे, म्हणून तीन गृहीतांबद्दल मी स्पष्टपणे लिहिते.

पहिले गृहीत असे की बुद्धी असती तर हे लवकर कळले असते. न्यूटन आणि लायब्निझ यांनी सतराव्या शतकात कलनशास्त्र उभे केले तेव्हा त्यांच्याकडे ही व्याख्या नव्हती. १७३४ मध्ये बिशप बर्कली यांनी या शास्त्राच्या पायावर कठोर टीका केली आणि त्यातील अतिसूक्ष्म राशींना नाहीशा झालेल्या राशींची भुते म्हटले. त्या टीकेला तर्कशुद्ध उत्तर द्यायला गणितज्ञांना शतकाहून अधिक काळ लागला. फ्रेंच गणितज्ञ कोशी यांनी १८२१ च्या आपल्या पाठ्यग्रंथात सीमा हा पाया धरला, पण त्याच ग्रंथात संतत फलनांच्या अभिसारी श्रेणीची बेरीज संततच असते असे प्रमेयही दिले, जे आजच्या अर्थाने वाचले तर चुकीचे आहे. तरुण गणितज्ञ आबेल यांनी १८२६ मध्ये त्याला अपवाद दाखवला. तुम्ही आज शिकता त्या स्वरूपातील काटेकोर मांडणी रूढ झाली ती जर्मन गणितज्ञ वायरश्ट्रास यांच्या बर्लिनमधील व्याख्यानांतून, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. पहिल्या दर्जाच्या माणसांना ज्या व्याख्येपर्यंत पोहोचायला दीडशेहून अधिक वर्षे लागली, ती तुमच्या वर्गात दोन तासांत फळ्यावर येते आणि वर ‘हे उघडच आहे’ असे म्हटले जाते. ती तिसऱ्या तासाला न कळणे हे बुद्धीचे माप होऊ शकत नाही.

दुसरे गृहीत, बाकी सगळ्यांना कळते आहे. माना डोलावणे हा समजल्याचा पुरावा नाही, आणि चांगले गुणही नेहमी नसतात. हार्वर्डमधील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी बल आणि गती यांविषयीच्या अगदी साध्या प्रश्नांची एक चाचणी आपल्या विद्यार्थ्यांना दिली, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले की ही उत्तरे तुम्ही शिकवले त्याप्रमाणे लिहू, की मी एरवी विचार करते त्याप्रमाणे? हा प्रसंग मझूर यांनीच सांगितला आहे आणि त्यानंतर त्यांनी आपली शिकवण्याची पद्धत मुळापासून बदलली. कठीण गणिते सोडवणारी मुले जड ट्रक आणि हलकी मोटार यांच्या टकरीत ट्रकच जास्त बल लावतो असे मनोमन मानत होती. तुमच्या वर्गातही कित्येकजण ‘शिकवल्याप्रमाणे’ मान डोलावत असणार. तुमच्याइतका प्रामाणिक प्रश्न त्यांनी स्वतःला अजून विचारलेला नसेल, एवढेच.

तिसरे गृहीत मात्र तुमचे नसून माझ्यासारख्या सल्ला देणाऱ्यांचे असू शकते, म्हणून ते मीच खोडून काढते. प्रत्येक अडचण हा उंबरठा नसतो. या सिद्धान्तावर टीकाही झाली आहे. डॅरेल रोबॉटम यांनी २००७ मध्ये आक्षेप घेतला की एकाला जी संकल्पना उंबरठ्यासारखी वाटते ती दुसऱ्याला तशी वाटेलच असे नाही, मग ती ओळखायची कशी? हा आक्षेप मला रास्त वाटतो. ‘हा परिवर्तनाचा काळ आहे, सोसा’ असे म्हणून ढिसाळ शिकवण्यावर आणि राहून गेलेल्या पूर्वतयारीवर पांघरूण घालता येते, आणि तसे होताना दिसतेही. त्यामुळे तुमच्या अडचणीत खरा उंबरठा किती आणि साधी राहून गेलेली तयारी किती, हे आधी वेगळे काढा.

सगळ्यात आधी तपासा तो ‘प्रत्येक’ आणि ‘एक तरी’ यांचा क्रम. ‘प्रत्येक लेकराला एक आई असते’ हे विधान खरे आहे. ‘एक अशी आई आहे की जी प्रत्येक लेकराची आई आहे’ हे खोटे आहे. आणि दोन्हींत शब्द जवळजवळ तेच आहेत. सीमेच्या व्याख्येत एप्सिलॉन आधी येतो आणि डेल्टा त्यानंतर, त्याला पाहून निवडला जातो. हा क्रम उलटला की व्याख्या पार बदलते. सांतत्य आणि एकसमान सांतत्य यांतला भेदही एवढाच आहे की डेल्टा प्रत्येक बिंदूसाठी वेगळा निवडता येतो, की एकच डेल्टा सर्व बिंदूंना पुरवावा लागतो. शून्य ते एक या खुल्या अंतरालात एक भागिले क्ष हे फलन संतत आहे, पण एकसमान संतत नाही, ते यामुळेच. कोशींच्या त्या प्रमेयातला दोषही याच जातीचा आहे. आपल्याकडे तर्कशास्त्राचा हा भाग अकरावी-बारावीत एका प्रकरणात उरकला जातो आणि पदवीला तो येतो असे धरले जाते. तुमचा अडसर इथे असेल तर तो काही आठवड्यांच्या सरावाने जाईल.

दुसरी तपासणी असमानतांची. निरपेक्ष मूल्य, त्रिकोण असमानता आणि ‘याहून मोठे नाही’ असे अंदाज बांधणे यांचा हात बसलेला नसला की सिद्धतेतील प्रत्येक ओळ जादूसारखी वाटते. क्षचा वर्ग घ्या, बिंदू ३ घ्या, सीमा ९. फरक होतो (क्ष वजा ३) गुणिले (क्ष अधिक ३). इथे पुस्तक एकदम म्हणते, ‘डेल्टा १ पेक्षा मोठा नाही असे धरू.’ हे कुणी ठरवले, असा प्रश्न तुम्हाला पडत असेल तर तो अत्यंत योग्य आहे. उत्तर असे की एखादा डेल्टा चालत असेल तर त्याहून लहान कोणताही चालतोच, म्हणून आपल्या सोयीसाठी त्याला वरची मर्यादा घालण्याचा अधिकार आपला आहे. तसे केल्यावर दुसरा अवयव ७ पेक्षा लहान राहतो आणि १ व एप्सिलॉनचा सातवा भाग यांतील लहान संख्या निवडली की काम झाले. पुस्तकातली सिद्धता या निवडीपासून सुरू होते, विचार मात्र तिच्यापाशी संपतो. उलट दिशेने लिहिलेला मजकूर सुलट दिशेने पाठ केल्यावर एक पायरी बदलताच हात थांबला, तर त्यात नवल नाही.

तिसरी तपासणी भाषेची. सलग इंग्रजी वाक्यात गुंफलेल्या या अटी मराठीत, स्वतःच्या शब्दांत, चिन्हे न वापरता लिहून पाहा. मराठीत लिहिणे ही पायरी खाली उतरणे आहे असा समज करून घेऊ नका. ज्या भाषेत तुम्हाला शंका सुचते त्याच भाषेत ती आधी सुटणार आहे. इंग्रजीतील उत्तर त्यानंतर लिहिता येते, आणि ते अधिक नेमके उतरते.

यापुढे रोजचा अभ्यास कसा करावा याबद्दल माझी सूचना एका गोष्टीभोवती आहे : व्याख्या मोडून पाहा. सीमा अस्तित्वात नाही म्हणजे काय, हे पूर्ण वाक्यात लिहा. शून्याच्या डावीकडे ० आणि उजवीकडे १ अशी किंमत असलेले फलन घ्या आणि एप्सिलॉन अर्धा ठेवून, कोणतीही संख्या सीमा म्हणून का टिकत नाही हे स्वतः दाखवा. मग प्रत्येक प्रमेयातील एक एक अट काढून टाका आणि प्रमेय कोसळेल असे उदाहरण शोधा. हे काम संथ आहे. दिवसाकाठी एकच प्रमेय होईल, कधी तेही होणार नाही, आणि शेजारची मैत्रीण चार सिद्धता पाठ करून पुढे गेलेली दिसेल. तरीही आग्रहाने सांगते की पाठ केलेल्या चाळीस सिद्धतांपेक्षा स्वतः शोधलेली दहा प्रतिउदाहरणे तुम्हाला पुढे नेतील. सोबत एक वही ठेवा आणि तिच्यात उत्तरे न लिहिता फक्त प्रश्न लिहा, तारखेसह. महिन्याभरापूर्वीचा एखादा प्रश्न आज क्षुल्लक वाटू लागला, तर तुम्ही पुढे सरकला आहात हे तुम्हाला कुणी सांगावे लागणार नाही.

शंका विचारण्याबाबत : ‘मला हे कळले नाही’ असे भर वर्गात म्हणणे कठीण असते, पण ‘इथे डेल्टा आधी निवडला तर काय बिघडेल?’ असे विचारणे त्या मानाने सोपे असते, आणि शिक्षकांनाही अशा नेमक्या प्रश्नाचे उत्तर देणे आवडते. तास संपल्यावर त्यांच्या खोलीत जाऊन विचारलेत तरी चालेल. दोघी-तिघींचा गट करता आला, तर पाळीपाळीने फळ्यापाशी उभे राहून बोला आणि ऐकणाऱ्यांनी प्रत्येक ओळीला ‘का?’ विचारावे. विद्यापीठाबाहेर पाहायचे तर १९९३ पासून चालणारा एम.टी.टी.एस. हा गणिताचा उन्हाळी उपक्रम आहे; त्यात विद्यार्थ्यांना सिद्धता सांगण्याऐवजी प्रश्न विचारून ती त्यांच्याकडूनच काढून घेण्यावर भर असतो. त्याच्या अर्जाची सूचना निघाली की अवश्य अर्ज करा. पुण्याच्या भास्कराचार्य प्रतिष्ठानातही गणिताच्या विद्यार्थ्यांसाठी व्याख्याने आणि वर्ग होत असतात.

हे पत्र वाचणाऱ्या इतर शाखांच्या विद्यार्थ्यांची आणि शिक्षकांची आठवण मला आहे. समाजशास्त्र शिकताना जात किंवा लिंगभाव ही संकल्पना खरोखर कळली की घरातली साधी पंगतही वेगळी दिसू लागते आणि सुट्टीत घरी गेलेली मुले गप्प होतात; कायद्याच्या विद्यार्थ्याला न्याय आणि विधिवत पुरावा यांतील अंतर पहिल्यांदा दिसते तेव्हा तोही असाच अस्वस्थ होतो. अर्थशास्त्रातील संधी-खर्चाबद्दल तर २००५ मध्ये फेरारो आणि टेलर यांनी अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञांच्या परिषदेत एक छोटा प्रश्न विचारला, चार पर्याय देऊन. १९९ जणांपैकी जेमतेम २१.६ टक्क्यांचे उत्तर अपेक्षेप्रमाणे आले. त्या प्रश्नाच्या रचनेवर पुढे वाद झाला, तरीही पदव्या मिळवलेल्या माणसांचाही पाय या संकल्पनांवर घसरू शकतो, इतके त्यातून नक्की दिसते. शिक्षकांना माझी विनंती आहे की अशा जागी अभ्यासक्रम थोडा थांबवावा, आणि ‘उघड आहे’ हे शब्द वापरू नयेत. एकेकाळी ते आपल्यालाही उघड नव्हते, याचा विसर शिकवणाऱ्याला फार लवकर पडतो.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. पाठांतरावर पदवी पूर्ण करणे हा पर्याय शक्य आहे, पण तो मला सर्वांत महागडा वाटतो, कारण टोपॉलॉजी, मापन सिद्धान्त, फलनीय विश्लेषण हे पुढचे सारे विषय याच व्याख्येवर उभे आहेत आणि प्रत्येक सत्रात ओझे वाढत जाईल. एखाद्या पेपरापुरते पाठांतर करावे लागले तर त्यात कमीपणा मानू नका. फक्त कोणती सिद्धता पाठ आहे आणि कोणती कळली आहे, याची वेगळी खूण वहीत ठेवा. बी.एड. हा पर्याय सन्माननीय आहे आणि शाळेत गणित मनापासून शिकवणाऱ्या शिक्षिकेची गरज महाराष्ट्राला खरोखर आहे. मात्र तिकडे जायचे तर शिकवायला आवडते म्हणून जा. मैत्रिणींना उदाहरणे समजावून देण्यातला आनंद तुम्ही पत्रात लिहिला आहे, तेव्हा ही आवड खरीच असेल. पण आपली बुद्धी संपली म्हणून तिकडे वळलात, तर तोच समज बरोबर घेऊन वर्गात उभ्या राहाल आणि तो तुमच्या विद्यार्थ्यांपर्यंतही पोहोचेल.

घरच्यांना व्याख्या समजावण्याची गरज नाही. मी आधी सोपे वाटणारे काम नव्याने शिकते आहे, त्याला वेळ लागतो, आणि या सत्रात गुण कमी आले तर घाबरू नका, एवढे सांगणे पुरेसे आहे. हे निकालाच्या आधी सांगितलेले बरे. मात्र ही निराशा गणितापुरती न राहता झोप, जेवण, माणसांत मिसळणे यांवर पसरू लागली असेल, तर विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात जाण्यास उशीर करू नका.

तेव्हा आज निर्णय घेऊ नका. वर सांगितलेल्या तीन तपासण्यांना हे सत्र संपेपर्यंतचा वेळ द्या आणि मग वही उघडून पाहा. प्रश्न बदलत गेले असतील, म्हणजे पहिल्या पानावर ‘हे काय आहे’ असेल आणि शेवटच्या पानावर ‘ही अट काढली तर काय होईल’ असे असेल, तर एम.एस्सी. सोडू नका, मग गुण कितीही आलेले असोत. प्रश्न तेच राहिले असतील, किंवा ते सुटत असूनही पुढचा प्रश्न विचारावासा वाटत नसेल, तर वेगळ्या वाटेचा विचार शांतपणे करा. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत पहिले वर्ष पूर्ण करून पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडण्याची तरतूद आहे. तुमच्या विद्यापीठात तिचे नियम काय आहेत आणि नंतर परत येऊन दुसरे वर्ष करता येते का, हे विभागाच्या कार्यालयात विचारून घ्या. बी.एड.च्या प्रवेश परीक्षेच्या अर्जाची मुदतही पाहून ठेवा आणि हवा तर अर्जही भरून ठेवा, म्हणजे निर्णयाच्या वेळी दोन्ही दारे उघडी असतील आणि मुदत गेली म्हणून कोणतीच वाट धरावी लागणार नाही.